पोदेराच्या सायकलची फ्रेम

मंडळी, मघाशी माझी ओळख करून देताना म्हटलं की हे रेसच्या सायकली बनवतात. रेसच्याही बनवतो, पण आज बोलणार आहे पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलबद्दल, कारण मापाची फ्रेम सगळ्यात जास्त गरजेची कुणाला असेल तर त्याला. पहाटे पों पों करत येतो, मागे पावाची भलीमोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि दर दहा घरांमागे चढ-उतर. आमच्या वाड्यावरचा पोदेर उंचीने जेमतेम सव्वापाच फूट आणि सायकल 24 इंची फ्रेमची, का तर दुकानात तीच होती. थांबला की पाय जमिनीला टेकत नाही, म्हणून अख्खी सायकल तिरकी करतो आणि टोपलीचं वजन त्याला ओढतं. रोज बघत होतो, शेवटी म्हटलं तुझं माप दे.

माप म्हणजे फक्त उंची नाही. पायाची आतली लांबी घेतली, हात घेतले, भरलेली टोपली काट्यावर ठेवली. टोपली मागच्या चाकाच्या एक्सलच्या मागे लोंबत होती, त्याने पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल थरथरतं. म्हणून चेनस्टे, म्हणजे बीबीपासून (पेडलचा आस जिथे फिरतो ती आडवी नळी) मागच्या एक्सलपर्यंतच्या नळ्या, 48 सेंटीमीटर ठेवल्या, रेसच्या सायकलला 41 च्या आसपास असतात. वजन एक्सलच्या पुढे आलं. वरची दांडी मागे उतरती केली, पाय टेकायला.

नळ्यांचं सांगायचं तर बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने 1897 मध्ये पेटंट घेतलं, टोकांना जाड आणि मध्ये पातळ नळीचं, कारण ताण आणि आगीचा मार दोन्ही जोडापाशी. फार हुशारीचं काम! पण पोदेराला मी ती वापरली नाही, साधी सगळीकडे 0.9 मिलीमीटरची क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद, घेतली, ह्याला वजन वाचवायचं नाहीये, टिकवायचंय.

आता खरी गोष्ट, जोड. नळीचं तोंड अर्धगोल कानशीने असं घासायचं की दुसऱ्या नळीवर बसवून उजेडासमोर धरली तर फट दिसता कामा नये. तासभर जातो एका तोंडाला, जाऊ दे. मग फ्लक्स लावायचा, आपले सोनार टाकणखार वापरतात ना त्याच जातीची पेस्ट. ज्योत फिरवत राहिलं की ती आधी फुगते, पांढरी होते, आणि मग एकदम पाण्यासारखी नितळ होते. त्या क्षणी चांदीची, म्हणजे चांदीच्या मिश्रधातूची, तार टेकवायची. साधारण 650 डिग्री, पितळ असतं तर 900 च्या जवळ. चांदी उष्णतेकडे धावते, म्हणून तार इकडे आणि ज्योत पलीकडे, आणि लगच्या, म्हणजे नळ्या ज्यात बसतात त्या जोडतुकड्याच्या, दुसऱ्या कडेला बारीक चकाकती रेघ उमटली की समजायचं आतपर्यंत गेली. ही रेघ बघायला मी अजून श्वास रोखून उभा असतो.

पहिल्या फ्रेमला मी नळीला हवेचं भोक पाडायला विसरलो होतो. दोन्ही टोकं बंद, आत हवा तापून फुगली आणि वितळलेल्या चांदीतून बुडबुडा काढून बाहेर आली, सुईएवढं छिद्र राहिलं. वर रंग बसला, दिसलं नाही. दोन पावसाळ्यांत तिथून पाणी जाऊन नळी आतून सडली, आपल्याकडची खारी हवा आहेच वर. ती फ्रेम कापून बघितली तेव्हा तपकिरी भुगा पडला टेबलावर. तेव्हापासून भोक आधी, आग नंतर, आणि झाल्यावर आतून जवसाचं तेल फिरवतो, वाळून पातळ पापुद्रा धरतं.

पोदेराची फ्रेम तिथे टेबलावर आहे, रंग मुद्दाम लावला नाही, तुम्हाला जोड बघता यावेत म्हणून. चतुर्थीआधी त्याला द्यायचीये. हात लावून बघा, आणि बीबीच्या खालच्या बाजूला बोट फिरवा, एक भोक लागेल, पावसाचं पाणी तिथून उतरतं.