नजर पुढच्या तीन आठवड्यांवर

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्यात आज अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या गोदामं, डाळमिली, धान्य साफ करायची युनिटं उभारताहेत. कंपनीतलाच कुणी संचालक किंवा व्यवस्थापक या कामाची धुरा घेतो. तोच प्रोजेक्ट मॅनेजर. बिचारा दिवसभर उन्हात उभा राहतो, फोनवर फोन करतो, तरी काम रखडतंच. कारण त्याचं सगळं लक्ष आज चाललेल्या कामावर असतं आणि अडतं ते अजून सुरूच न झालेलं काम.

हिशेब करून बघू. समजा, सोयाबीन आणि तुरीसाठी क्लीनिंग-ग्रेडिंग (सफाई आणि प्रतवारी) युनिट उभारायचं आहे. पायापासून आतल्या फरशीच्या काँक्रीटपर्यंत बांधकामाला १५ आठवडे. मशीन ऑर्डर दिल्यापासून साइटवर यायला १३, बसवायला २. वीजजोडणीचा अर्ज, पाहणी, पैसे भरणं, डीपी (ट्रान्सफॉर्मर), मीटर हे सगळं धरून १८. शेवटी चाचणीचा १ आठवडा. बांधकाम, मशीनची ऑर्डर आणि विजेचा अर्ज एकाच वेळी सुरू होतात. बांधकाम आणि मशीन बसवणं मिळून १७ आठवडे होतात, वीज मात्र १८. म्हणजे प्रकल्प १९ आठवड्यांचा, आणि तो ठरतो विजेवर. गवंड्याकडे दुप्पट माणसं लावली तरी एक दिवस वाचत नाही. विजेचा अर्ज महिनाभर टेबलावर पडला, तर सगळा प्रकल्प महिनाभर मागे जातो.

कामांच्या या सर्वांत लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत ही पद्धत आकाराला आली. ती मांडायला संगणक लागतोच असं नाही. वहीचं एक पान पुरतं. कुठलं काम कुणावर अवलंबून आहे आणि कुणाला किती सवड आहे, एवढं लिहा. वरच्या हिशेबात मशीनच्या ऑर्डरला तीन आठवड्यांची सवड आहे, बांधकामाला फक्त एका आठवड्याची.

आता हे १९ आठवडे आपल्या भागाच्या पंचांगावर ठेवा. जानेवारीच्या सुरुवातीला काम धरलं तर मेच्या मध्याला संपतं. मे अखेरीला धरलं तर पाया नेमका पावसात सापडतो. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते. म्हणून पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि ते खड्डे पावसात ढासळतात. पण जानेवारीतही अडचण आहेच. बीड, धाराशिवकडची कितीतरी माणसं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात. मजुरांचं बोलणं दिवाळीआधीच झालेलं बरं.

फरशीचं काँक्रीट मार्च-एप्रिलात येतं, तेव्हा विहिरी आटायला लागलेल्या असतात. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट आणि कोरडी, उष्ण हवा असेल तर १४ दिवस क्युरिंग हवं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला हवं. वाफे करून पाणी साठवा, नाहीतर गोणपाट सतत ओलं ठेवा. दिवसातून एकदा पाइप फिरवून भागत नाही. पृष्ठभाग तडकतो आणि पुढे गाड्यांच्या वर्दळीनं फरशीची भुकटी निघत राहते. टँकर काँक्रीट ओतायच्या तीन आठवडे आधी ठरवायचा असतो.

म्हणून दर सोमवारी साइटवर वीस मिनिटं उभ्यानंच बैठक घ्या. मिस्त्री, सेंट्रिंगवाला, इलेक्ट्रिशियन, सगळे हवेत. ‘कधी होईल?’ असं विचारलंत तर ‘होऊन जाईल दोन दिवसांत’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी पुढच्या तीन आठवड्यांतलं एकेक काम घ्या आणि विचारा: याला नकाशा, माल, माणसं, पैसे, परवानगी यांतलं काय लागतं? त्यातलं हातात काय आहे? जे नाही ते कोण आणणार, कुठल्या तारखेपर्यंत? नाव आणि तारीख तिथंच लिहा. मार्च अखेरीला बँका आणि सरकारी कार्यालयं वर्षअखेरीच्या धावपळीत असतात, तेव्हा तिथली कामं फेब्रुवारीतच मार्गी लावा.

‘झालं’ म्हणजे काय, हेही आधीच ठरवा. फरशी झाली म्हणजे क्युरिंग संपलं, उतार तपासला, जॉइंट कापले, मशीन बसवणाऱ्यानं बोल्टांच्या जागा मोजून घेतल्या. नाहीतर ‘नव्वद टक्के झालं’ हे वाक्य महिनाभर ऐकावं लागतं.

मध्येच कुणी संचालक म्हणतो, एक दार वाढवा. नाही म्हणू नका, होही म्हणू नका. काय बदलायचं, किती खर्च, किती दिवस, मंजुरी कुणाची, हे एका कागदावर लिहून सही घ्या. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा ही मंजुरी नव्हे. बिलाच्या वेळी तो कुणीच कबूल करत नाही.

प्रत्येक कामात दोन-चार दिवस जादा धरून ठेवायची सवयही सोडा. ते दिवस गुपचूप खर्च होतात. सगळी सवड एकत्र करून शेवटी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. ती कुणी किती खाल्ली ते दर सोमवारी कळतं.

आणि ठेकेदाराच्या बिलातली काही रक्कम राखून ठेवायची अट वर्क ऑर्डरमध्येच घाला. प्रत्यक्ष टाकलेल्या वायरिंगचा नकाशा, मशीनचं मॅन्युअल, वॉरंटीचे कागद आणि काँक्रीट क्यूबच्या (नमुन्याच्या ठोकळ्याच्या) २८ दिवसांच्या चाचणीचा अहवाल हातात पडल्यावरच ती सोडा.