अनारशावरची खसखस: परदेशी सहकाऱ्यांसाठी भेट निवडताना

(दृश्य: वजनकाट्याला टांगलेली उघडी बॅग. आकडा 22.4 किलो. शेजारी बाकरवडीची पाकिटं, तांब्याचा पेला, पुठ्ठ्याची लांब नळी.)

वर्षभर स्क्रीनच्या चौकोनात दिसणारी माणसं पुढच्या आठवड्यात समोरासमोर भेटणार असतात. हिंजवडीतून कुणी म्युनिकला निघतं, खराडीतून कुणी दुबईला, तर कुणी सिडनीला. बॅग भरून झाल्यावर आठवतं, हात हलवत कसं जायचं? मग लक्ष्मी रोडवर धावतपळत तीन गोष्टी घेतल्या जातात: पेढे, गणपतीची मूर्ती आणि अगरबत्त्या. पेढे विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. मूर्ती कुठे ठेवावी हे घेणाऱ्याला समजत नाही. आणि अगरबत्तीमुळे बॅगेतले सगळे शर्ट मुक्कामी पोचेपर्यंत देवघरासारखे घमघमायला लागतात.

सगळ्यात जास्त चुका खाण्याच्या पदार्थांत होतात, म्हणून आधी तेच पाहू.

(दृश्य: ताटलीत अनारसे. कॅमेरा जाळीवरून पांढऱ्या दाण्यांवर सरकतो.)

हे दाणे खसखशीचे. अनारसा थापतातच खसखशीवर. आपल्याकडे ती वाण्याकडे सहज मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत आहे, आणि सिंगापूरमध्येही तिच्यावर बंदी आहे. खसखस म्हणजे अफूचं बी, आणि त्यावर मॉर्फिनचा अंश राहू शकतो. दुबईच्या विमानतळावर 'दिवाळीचा फराळ आहे हो' हे उत्तर चालत नाही. अनारसे घरी ठेवले म्हणजे सुटलो, असंही नाही. करंजीच्या सारणात खसखस असते, बऱ्याच बाकरवड्यांच्या मसाल्यात असते, गोड्या मसाल्यातही असते. आखातात किंवा सिंगापूरला जाताना पाकिटामागची घटकांची यादी शेवटपर्यंत वाचायची, आणि यादीच नसेल तर ते पाकीट न्यायचंच नाही.

युरोपीय संघातल्या देशांत आणि ब्रिटनमध्ये अडचण दुधाची होते. भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग त्यांच्याकडे शिरू नये, हे त्यामागचं मोठं कारण. त्यामुळे पेढा, बर्फी, कलाकंद सगळं बाद. ऑस्ट्रेलिया तर आपल्या मिठायांची नावं घेऊनच त्या आणायला मनाई करतो. तिथे उतरताना भरायच्या कार्डावर खाण्याचा किंवा लाकडाचा कोणताही पदार्थ असेल तर 'हो' वर खूण करायची. खरं लिहिलं तर फार तर वस्तू जाते. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो.

मग न्यायचं काय? वेंगुर्ल्याचे भाजलेले काजू, चांगला चहा, सांगलीचे बेदाणे. पाकीट कारखान्यात सीलबंद झालेलं, घटक इंग्रजीत छापलेले आणि संपायची तारीख निदान दोन महिने पुढची हवी. दुकानदाराने पिशवीला पिना मारून दिलेला चिवडा नेऊ नये. तेल बाहेर येतं, आणि आत काय आहे हे तपासणी अधिकाऱ्याला कळत नाही. बाकरवडी नेणारच असाल तर पाकीट डब्यात घालून डबा कपड्यांच्या मधोमध ठेवा. नाहीतर पोचेपर्यंत तिचा चुरा होतो.

प्रमाणाचा अंदाजही आपला सहसा चुकतो. बाराजणांच्या टीमला पाव किलोची दोन पाकिटं पुरतात. नवीन चव माणूस एक-दोन घास घेऊन पाहतो, वाटी भरून घेत नाही. ऑफिसच्या पॅन्ट्रीत पाकीट ठेवताना शेजारी चिठ्ठी ठेवा: पदार्थाचं नाव, तिखट की गोड, आणि शेंगदाणे, काजू, तीळ, गहू, दूध यांपैकी आत काय काय आहे. चिक्कीतला शेंगदाणा एखाद्याला थेट दवाखान्यात पोचवू शकतो. फसवा घटक म्हणजे हिंग. बाजारातल्या बांधणीच्या, म्हणजे इतर पदार्थ मिसळून तयार केलेल्या, हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. ज्याला गहू चालत नाही, त्याला हिंग घातलेली तांदळाची चकलीही बाधते.

सहकारी मराठीच असेल, पंधरा वर्षं न्यू जर्सीत राहिलेला, तर त्याला सरळ विचारावं. तो मेतकूट सांगेल, नाहीतर थालीपिठाची भाजणी. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात 350 मिलीलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या बॅगेत असेल तर वेगळी तपासणी होते. ती चेक-इनच्या बॅगेतच टाका.

(दृश्य: गोल गंजिफा पत्ता, तळहातावर. मत्स्यावतार. लाखेची चकाकी.)

वस्तूंकडे येऊ. गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कारागीर बसून हे पत्ते हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या संचात 120 पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी असे बारा. पूर्ण संच महाग पडतो, पण एकाच सहकाऱ्याला काही द्यायचं असेल तर छोटा संच पुरे. वजन नगण्य, फुटायची भीती नाही, आणि समोरच्याने 'हे काय आहे' असं विचारलं की सांगायला आपल्याकडे पाच मिनिटांचा ऐवज असतो. आमच्या मते भेटवस्तूकडून याहून जास्त अपेक्षा नसावी.

वारली चित्र न्यायचं तर कापडावरचं किंवा कागदावरचं, चित्रकाराची सही असलेलं घ्या आणि पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून न्या. फ्रेम करून नेऊ नका. काच तडकते, आणि लाकडी चौकटीला किडीचं भोक दिसलं तर ऑस्ट्रेलियात ती अडकते. कपावर छापलेलं वारली मात्र सोडून द्या. तसा कप त्यांच्या गावातही मिळतो.

पुण्याच्या तांबट आळीतला मठारकाम केलेला पेला उत्तम. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि प्रत्येक खळगीत उजेड वेगळा चमकतो. पण सोबत दोन ओळी लिहून द्याव्याच लागतात: यात लिंबाचं सरबत किंवा फळांचा रस ठेवू नये, आणि तो डिशवॉशरमध्ये घालू नये. आंबट पदार्थात तांबं उतरतं. काळा पडला तर चिंच-मिठाने बाहेरून घासावा.

कोल्हापुरी चपलेचा मोह प्रत्येकाला होतो. 2019 साली तिला महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. चप्पल देखणी आहे यात वाद नाही, पण ती पायात घालून पाहिल्याशिवाय घेता येत नाही, आणि नवी असताना चावते. त्यातून अरब यजमानाला पादत्राण देणं बरं दिसत नाही. आणि चिनी भाषेत 'चप्पल-बूट' या अर्थाच्या शब्दाचा उच्चार 'अशुभ' या अर्थाच्या शब्दासारखाच आहे.

चिनी सहकाऱ्याला घड्याळही देऊ नये. 'घड्याळ देणं' आणि 'अंत्यसंस्कारापर्यंत सोबत करणं' हे शब्द तिथे सारखेच ऐकू येतात. जपानमध्ये आणि चीनमध्येही चारच्या संख्येत काही देत नाहीत, कारण चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. जपानी ऑफिसात खाऊ नेताना एकेक नग वेगळा बांधलेला हवा, म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर एक ठेवता येतो. भेट दोन्ही हातांनी द्यायची, आणि समोर उघडली नाही म्हणून मन खट्टू करून घ्यायचं नाही. जर्मनीत उलट. तिथे तुमच्यादेखत उघडतील आणि लगेच काय वाटलं ते सांगतील. वाढदिवसाची भेट मात्र तिथे एक दिवसही आधी देऊ नका. आगाऊ शुभेच्छा अपशकुनी मानतात.

पैशांचं गणित सोपं आहे. सहकारी आपल्याच कंपनीतला असेल तर दोन हजार रुपयांच्या आत राहावं, म्हणजे त्याला परतफेडीचं ओझं वाटत नाही. ग्राहकाच्या बाजूचा माणूस असेल तर आधी त्याच्या कंपनीचं धोरण विचारायचं. अमेरिकेतल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला सर्वसाधारणपणे एका वेळी 20 डॉलर आणि एकाच देणाऱ्याकडून वर्षाला 50 डॉलर, यापलीकडे भेट घेता येत नाही. टीममधल्या एकालाच काही द्यायचं असेल तर ते सगळ्यांसमोर देऊ नये.

(दृश्य: काटा पुन्हा. बॅगेतून चमकदार कागदात बांधलेला खोका बाहेर येतो. कागद सोडवला जातो.)

शेवटचं काम पॅकिंगचं. वस्तू घरून सजवून नेऊ नका. तपासणीत खोका उघडावा लागला तर कागद फाटणारच. सजावटीचा कागद सपाट घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवा, चिकटपट्टी बाजूला, आणि बांधाबांध हॉटेलच्या खोलीत करा. कात्री चेक-इनच्या बॅगेत टाकायला विसरू नका.