डावा हात बोलतो तेव्हा उजव्याने काय करावं

(बडोद्यात तबला आणि ड्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुमच्यातले बरेच जण तबल्यावरून ड्रमकडे वळले आहेत. बडोद्यात ते साहजिक आहे. गायक मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने इथेच सुरू झाली, आणि मात्रा मोजायला इथल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. त्याचा आज भरपूर फायदा घेऊ.

जॅझ ड्रमिंग पाहिलं की नवख्याला धडकी भरते: दोन हात, दोन पाय आणि चार निराळी कामं! पण चार ठिकाणी लक्ष ठेवून हे कोणालाच जमत नाही. लक्ष एकाच ठिकाणी ठेवायचं, राइड सिंबलवर, म्हणजे उजव्या हाताने वाजवायच्या मोठ्या झांजेवर. बाकी तिघांचा प्रत्येक आघात राइडच्या कोणत्या आघाताबरोबर पडतो किंवा कोणत्या दोन आघातांमध्ये पडतो, एवढंच शिकायचं.

पूर्वी लय बास ड्रमवर, म्हणजे उजव्या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर चालायची. काउंट बेसींच्या जॅझ बँडमध्ये ड्रमर जो जोन्स यांनी ती हाय-हॅटवर (पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) नेऊन हलकी केली आणि १९४० च्या आसपास ड्रमर केनी क्लार्क यांनी ती राइडवर आणली. त्यामुळे डावा हात आणि उजवा पाय मोकळे झाले, सोलो वाजवणाऱ्याला मधेच दाद द्यायला, टोकायला, उचलून धरायला. तबल्याचा साथीदार जागा मिळाली की ठेका सोडून काही वाजवतो आणि समेवर परत येतो. इथे ठेका सुटत नाही. ठेका चालू ठेवूनच बोलायचं असतं. माझ्या मते तबलजीला या वाद्यात खरी नवी गोष्ट हीच आहे.

आता प्रत्यक्ष रियाज. चार मात्रा घ्या, प्रत्येकीचे तीन भाग करा, म्हणजे बारा जागा झाल्या. उजव्या हाताने राइडवर: टिंग, टिंग-क, टिंग, टिंग-क. ‘क’ हा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा तिसरा भाग. डाव्या पायाने हाय-हॅट दोन आणि चारवर बंद करायची. लय मिनिटाला साठ मात्रा, त्याहून जास्त नको. हे वाजवताना कोणाशी तरी साध्या गप्पा मारता आल्या पाहिजेत. तोवर डाव्या हाताला स्नेअरवर, म्हणजे समोरच्या लहान ड्रमवर येऊ देऊ नका.

मग डावा हात, एका आवर्तनात एकच आघात. बारा जागांपैकी सहा जागी राइड वाजतच असते, तिथे दोन्ही हात एकत्र पडतात. त्या सहा जागा लवकर बसतात, मात्र दोन्ही हातांचा आघात नेमका एकाच क्षणी पडला पाहिजे. उरलेल्या सहांवर महिने घालवा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेचा तिसरा भाग फार फसवा आहे. डाव्याने तिथे वाजवलं की उजव्यालाही तिथे वाजवावंसं वाटतं, आणि राइडची चाल बदलून प्रत्येक मात्रेला ‘टिंग-क’ होऊन बसते. मात्रेचा मधला भाग वेगळ्या कारणाने अवघड जातो: तिथे राइड कधीच नसते, टेकायला आधारच नाही. जॅझ ड्रमर एल्विन जोन्स यांचं वादन ऐका, तीन भागांची ती घुसळण त्यांनी कुठवर नेली ते कळेल.

इथे पढंत कामाला येते. हाताने ताल धरून तोंडाने आडवे बोल म्हणण्याची सवय तुम्हाला आहेच. तेच करा: राइड चालू, पाय चालू, आणि डाव्याचे आघात आधी तोंडाने म्हणा. जे म्हणता येत नाही ते हातात उतरत नाही. दांडिया बाजारच्या जुन्या घरांत रात्री ड्रम वाजवणं शेजाऱ्यांवर अन्याय आहे, पण हे सगळं मांडीवर आणि जमिनीवर तितकंच नीट होतं.

एक सवय मात्र मोडावी लागेल. तुम्ही समेवर वजन टाकता. इथे ते दोन आणि चारकडे झुकतं. म्हणून मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) निम्म्या गतीवर लावा आणि त्याचा ठोका दोन आणि चार समजा. बास ड्रम चारही मात्रांना, पण इतका हळू की श्रोत्याला जाणवावा, ऐकू येऊ नये.

आणि स्विंग, जॅझची ती झुलती चाल? बारा जागांची ही मांडणी केवळ सरावासाठी आहे. ध्वनिमुद्रणं मोजून पाहिलेल्यांना आढळलं की विलंबित लयीत राइडचा तो ‘क’ तिसऱ्या भागापेक्षाही उशिरा, पुढच्या मात्रेला चिकटून येतो, आणि लय चढत जाते तसतशी मात्रेची दोन्ही अर्धं जवळजवळ सारखी होतात. त्यामुळे एकाच लयीवर घोटलेली चाल दुसऱ्या लयीत जशीच्या तशी नेऊ नका. प्रत्येक लयीचा ‘क’ ऐकून शोधा.

रियाज फोनवर मुद्रित करत चला. ऐकताना डाव्या हाताकडे पूर्ण दुर्लक्ष करा. तो आला त्या क्षणी राइडचा आवाज दबला का, ‘क’ सरकला का, एवढंच तपासा. राइड हलली असेल तर लय आणखी कमी करा, आणि त्याच जागेवर पुन्हा बसा.