महिन्याची अखेर

[दृश्य: पहाटेचं धुकं. गोल चौकाच्या मधोमध शेकोटी.]

हे पिवळं जाकीट नीट पाहा. फ्रान्समध्ये २००८ पासून प्रत्येक गाडीत ते ठेवावंच लागतं. गाडी रस्त्यात बंद पडली की ते अंगात चढवायचं आणि मगच खाली उतरायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला माणूस दिसतो. १७ नोव्हेंबर २०१८ च्या शनिवारी हेच जाकीट घालून माणसं चौकाचौकांत रस्ते अडवून उभी राहिली. ‘पिवळी जाकिटं’ हे आंदोलन इथून सुरू झालं. सरकारी आकड्यानुसारसुद्धा अडीच लाखांहून जास्त. त्यांना ना कुठल्या पक्षाने बोलावलं होतं, ना कामगार संघटनेने.

निमित्त डिझेलचं होतं. १ जानेवारी २०१९ पासून त्यावरचा कर लीटरमागे साडेसहा सेंटने वाढणार होता. पन्नास लीटरची टाकी भरली तर सव्वातीन युरो जास्त. एवढ्यासाठी देश अडवायचा, असं अनेकांनी विचारलं. ज्याला महिन्याचा हिशेब करावा लागत नाही, त्यालाच हा प्रश्न पडतो.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. बिलं, पेन, कॅलक्युलेटर.]

पगार जमा होतो. घराचा हप्ता जातो, विमा जातो, वीज, फोन, मुलांचं शाळेतलं जेवण. यातलं काहीच टाळता येत नाही. उरलेल्यात किराणा आणि डिझेल. गावातलं पोस्ट बंद झालेलं, रेल्वे थांबायची बंद झालेली, प्रसूतिगृह दूरच्या शहरात गेलेलं. मग कामावर जायचं कसं? गाडीनेच. आणि ती डिझेलची, कारण सरकारनेच अनेक दशकं डिझेलवरचा कर कमी ठेवला होता. सांगितलं तसं वागलेल्या माणसाला आता तूच हवा बिघडवतोस म्हणून ऐकावं लागत होतं.

२०१८ च्याच सुरुवातीला श्रीमंतांवरचा जुना संपत्ती कर रद्द होऊन तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता उरला होता. अनेक निवृत्तांच्या पेन्शनमधली कपात मात्र वाढली होती. जुलैपासून गावाकडच्या रस्त्यांवरची वेगमर्यादा ९० वरून ८० किलोमीटरवर आली. एकेक निर्णय वेगळा, पण भोगणारा तोच. नियम आपल्यासाठी आणि सूट दुसऱ्यांसाठी, ही भावना इथून घट्ट झाली.

यातले बरेच जण अगदी गरीब नव्हते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नोकरी होती, छप्पर होतं. भीती होती ती घसरण्याची. गाडीचा क्लच गेला, एक दात काढावा लागला, की सगळं गणित कोसळणार. आणि आपली मुलं आपल्याही खालच्या पायरीवर जाणार.

आंदोलकांनी चौकांत लाकडी फळ्या ठोकून उभारलेल्या झोपड्यांमध्ये बायका मोठ्या संख्येने होत्या. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, एकटीने मुलं वाढवणाऱ्या. ओढाताण लपवायची सवय झालेली माणसं इथे अनोळखी लोकांसमोर पहिल्यांदा पगाराचा आकडा मोठ्याने सांगू लागली.

एक घोषणा तेव्हा सगळीकडे पोहोचली: जगाचा अंत आणि महिन्याची अखेर, लढाई एकच. म्हणजे पर्यावरण वाचवणं आणि महिना निभावणं, दोन्ही एकाच लढाईचे भाग. पर्यावरणाला विरोध म्हणून या लोकांना मोडीत काढणाऱ्यांनी ती ऐकायला हवी होती.

याच भीतीवर अफवाही पोसल्या. मोरोक्कोतल्या मराकेशमध्ये मंजूर होणाऱ्या स्थलांतरविषयक करारामुळे फ्रान्स संयुक्त राष्ट्रांच्या हवाली होणार, असं फोनाफोनी पसरलं. ते खोटं होतं. काहींच्या तोंडी ज्यूद्वेषी शिव्या आल्या. १ डिसेंबरला पॅरिसच्या विजय कमानीची नासधूस झाली. पोलिसांच्या रबरी गोळ्यांनी काही आंदोलकांचे डोळे कायमचे गेले. भीती खरी असली म्हणून तिच्या नावाने केलेलं सगळं माफ होत नाही. पण त्या नासधुशीकडे बोट दाखवून मूळ भीतीच नाकारणं, हा अन्याय तितकाच मोठा.

डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात करवाढ मागे घेतली गेली. १० तारखेला राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी किमान वेतनावरच्या कामगारांना महिन्याला १०० युरो जास्त मिळतील, असं जाहीर केलं. तरी दर शनिवारची निदर्शनं थांबली नाहीत.

[दृश्य: ग्रामपालिकेतली वही, निरनिराळी हस्ताक्षरं.]

त्या हिवाळ्यात गावोगावच्या ग्रामपालिकांत कोऱ्या वह्या ठेवल्या गेल्या. १७८९ च्या क्रांतीआधीही अशाच तक्रारवह्या भरल्या होत्या. लोक रांगेत उभे राहून पेन्शन, कर, दवाखाने, बस याबद्दल लिहून गेले. काहींनी पानंच्या पानं लिहिली. मग वह्या गोळा झाल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या अभिलेखागारांत जाऊन पडल्या. त्या सर्वांसाठी खुल्या कराव्यात, असा ठराव फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने केला तो २०२५ साली.