मुखडा घेतला, अंतरा टाकला

मंडळी, विषय हिंदी सिनेमातल्या 'रिक्रिएटेड' गाण्यांचा, म्हणजे जुनंच गाणं नव्यानं करून विकण्याचा आहे. पण मी सुरुवात एका मूळ गाण्यापासून करतो. 'तेजाब', १९८८. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, शब्द जावेद अख्तर, आवाज अलका याज्ञिक. 'एक दो तीन' कुणाला म्हणायला सांगा, तो धडाधड आकडे मोजतो आणि तेरावर येऊन थांबतो. गाणं खरं तिथूनच सुरू होतं. 'तेरा' हा आकडाही आहे आणि 'तेरा करूं इंतजार'मधला 'तुझा'ही आहे. त्या एका श्लेषावर आकड्यांचं माणूस होतं.

मग अंतऱ्यात, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यांत, तारखा लागतात. चौदाला त्याचा निरोप येतो, पंधराला येतो म्हणून. तो येत नाही. सोळाला ही सोळा शृंगार करून बसते. सतराला कळतं, साथ सुटली. अठराला मन मोडतं, एकोणीस रडण्यात जाते, विसाला काळजाचे वीस तुकडे. पंचवीस-सव्वीसपर्यंत ही बाई विरहाच्या जात्यात भरडून निघते आणि महिन्याचे चार दिवस अजून शिल्लक असतात! नाचायचं गाणं आहे, पण आत भिंतीवरच्या कॅलेंडरचं अख्खं पान आहे. अंतरा काढून टाका, उरते नुसती उजळणी.

२०१८ साली 'बागी २'मध्ये हे गाणं पुन्हा केलं, तेव्हा 'तेजाब'चे दिग्दर्शक एन. चंद्रा यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मला ती अगदी पटली. मी बावीस वर्षं वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो. जुनं गाणं बसवताना अंतऱ्याआधीचा म्युझिक पीस जरा चुकला तर गायक मागे वळून बघतो, कारण त्या पीसवरूनच तो अंतऱ्यात उतरणार असतो. हल्लीच्या बहुतेक रिमेकमध्ये उतरायला जागाच नसते. ओळखीची एक ओळ येते, तिच्याखाली जाड बीट, मध्ये रॅप, पुन्हा तीच ओळ.

'मसकली'चं उदाहरण घ्या. 'दिल्ली ६', २००९. संगीत ए. आर. रहमान, शब्द प्रसून जोशी, आवाज मोहित चौहान. मसकली हे कबुतराचं नाव. जुन्या दिल्लीच्या गच्च्या, तिथला कबुतरांचा शौक, आणि पंख झटकायला, फुर्रकन उडायला सांगणारे शब्द. मोहित चौहान ती ओळ अशी सैल सोडतात की हातातून पाखरू सुटल्यासारखं वाटतं. एप्रिल २०२० मध्ये 'मसकली २.०' आलं, प्रेमी जोडप्याचा व्हिडिओ घेऊन. कबुतरासाठी घडवलेला शब्द तिथे प्रेयसीला मारलेली हाक झाला. रहमान सहसा बोलत नाहीत. तेव्हा त्यांनी जाहीर लिहिलं की मूळ कामात दोनशेहून अधिक वादक होते, ३६५ दिवसांचा विचार होता, कुठलाही शॉर्टकट नव्हता. प्रसून जोशींनीही खंत बोलून दाखवली.

आता कुणी म्हणेल, मग कायदा काय करतो? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ३१-सी म्हणतं की तुम्हाआम्हाला कव्हर करायचं असेल, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण पुन्हा ध्वनिमुद्रित करायचं असेल, तर मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबा, रॉयल्टी भरा आणि गरजेपलीकडे बदल करू नका. पण ज्या कंपनीकडे गाण्याचे हक्कच आहेत, तिला हे कलम आडवं येत नाही. आपल्याच घरातली कडी आपणच काढायची. कलम ५७ खाली, आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड थांबवायचा अधिकार कवीला आणि संगीतकाराला आहे. तो बजावायचा तर वकील लावा, तारखांना जा.

मी जुन्याला हात लावू नका असं म्हणत नाही. एकच बंदिश शंभर गवई गातात आणि आपण शंभरदा ऐकतो. लताबाईंनी २०१८ मध्ये रिमेकबद्दल लिहिलं तेव्हा त्यांचंही म्हणणं असंच होतं: मूळ रूप सांभाळून नव्या ढंगात मांडा, त्यात वावगं नाही. आणि चाल तशीच ठेवली तरी काम होतंच असं नाही. 'सैराट'मधलं 'झिंगाट' २०१८ साली 'धडक'मध्ये हिंदीत गेलं. संगीतकार तेच, अजय-अतुल. चाल तीच. तरी मला ते हलकं वाटतं, कारण आपल्या गाण्यात 'झिंगाट'च्या आधी 'बुंगाट' येतं, 'चिंगाट' येतं. ते दोन शब्द त्याला खांद्यावर उचलून आणतात. हिंदीत झिंगाट एकटंच आलं. सोलापूरकडची बोली मागे राहिली.

मागच्या वर्षी पनवेलकडे एका हळदीत वाजवत होतो. नवरीच्या मैत्रिणींनी 'एक दो तीन'ची फर्माईश केली. मुखड्यावर मांडव हलला. मी पीस वाजवला, आमची गायिका 'चौदह को' म्हणाली आणि मुली थांबल्या, एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात मागून नवरीची मावशी आली, हळदीनं माखलेले हात तसेच. तिनं माइकपाशी तोंड नेलं आणि पंधरा, सोळा, सतरा करत सगळ्या तारखा म्हटल्या. एकोणिसाला तिचा आवाज जरा बसला. आम्ही लय किंचित खाली घेतली, ती सव्वीसपर्यंत पोहोचेस्तोवर.