बर्गन ते लोफोटेन: सुक्या माशाच्या वाटेनं

(दृश्य: सकाळचा पाऊस. बर्गन बंदर, लाल-पिवळी लाकडी घरं.)

नॉर्वेतल्या बर्गनमध्ये पाऊस पडतोय. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त. मुंबईतही साधारण तेवढाच होतो, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथं झिमझिम बाराही महिने.

धक्क्यालगत खेटून उभी असलेली ही घरं म्हणजे ब्रिगेन. १७०२ च्या आगीनंतर जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभारलेली वखार. चौदाव्या शतकापासून जर्मन व्यापारी इथं धान्य उतरवायचे आणि सुका मासा भरून न्यायचे. तो मासा यायचा हजारएक किलोमीटर उत्तरेहून, लोफोटेन बेटांवरून. आपण त्याच वाटेनं निघालोय, फक्त उलट्या दिशेनं.

नॉर्डिक देशांची सहल ठरवताना यादी बहुधा फोटो बघून होते. आइसलँडचा काळा किनारा, फिनलंडमधली काचेची घरं, एखादा नॉर्वेजियन कडा, शिवाय स्टॉकहोम आणि कोपनहेगन. आठ दिवसांत पाच देश, आणि त्यातला किती वेळ विमानतळांवर जातो! आइसलँडला स्वतंत्र फेरी द्यावी, फिनलंडच्या सरोवरांनाही. पहिल्या खेपेला एकच किनारा धरावा. बेटं आणि खाड्यांची वळणं मोजली तर एकट्या नॉर्वेचा किनारा सुमारे एक लाख किलोमीटर भरतो.

आणि ठिकाणाच्या आधी महिना ठरवावा. ध्रुवीय प्रकाश दिसायला काळोख लागतो, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल. लोफोटेनमध्ये न मावळणारा सूर्य दिसतो मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत. दोन्ही एका फेरीत मिळत नाहीत, कितीही पैसे मोजले तरी. आम्ही निवडला मे अखेरचा आठवडा. डोंगरावरचं बर्फ वितळत असतं, त्यामुळे धबधबे भरून वाहतात, आणि उत्तरेला अर्धीअधिक मासळी अजून वाळत असते. आपल्याकडे शाळांना सुट्टी असते, हेही आलंच. उंचावरच्या काही पायवाटा मात्र तेव्हा बर्फाखालीच असतात. ट्रोलटुंगासारखी लांब चढाई मनात असेल तर जुलै-ऑगस्ट बरा.

(दृश्य: हिरवी आगगाडी, बोगद्याचं तोंड, दरी.)

बर्गनहून ऑस्लोकडे जाणारा लोहमार्ग १९०९ सालचा. त्यावर मिर्डाल नावाचं एक स्टेशन आहे, समुद्रसपाटीपासून ८६७ मीटरवर. तिथून फ्लोम गावाची गाडी सुटते आणि वीस किलोमीटरमध्ये थेट समुद्राच्या पातळीवर उतरते. आपल्या बोरघाटातला चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. इथं बऱ्याच अंतरात तो अठरास एक आहे, म्हणजे दुपटीहून जास्त. वाटेत वीस बोगदे, त्यांतले अठरा हातानं खोदलेले. डोंगर फोडणारी माणसं या कामावर वर्षानुवर्षं खपली, आणि १९४० मध्ये पहिली गाडी धावली. आपण खिडकीतून धबधबा बघतो. बोगद्याच्या भिंतीकडेही बघावं.

खाली फ्लोमला बोट उभी असते. ती आउरलांडफ्योर्डमधून नेरॉयफ्योर्डमध्ये शिरते. फ्योर्ड म्हणजे खाडीच, पण हिमनदीनं कोरलेली. बर्फाची जाडी आत जास्त, तोंडाशी कमी. म्हणून सोग्नेफ्योर्ड आत तेराशे मीटरपर्यंत खोल आणि मुखाशी उथळ. नेरॉयफ्योर्ड हा त्याचाच एक फाटा. सगळ्यात अरुंद जागी तो जेमतेम अडीचशे मीटर रुंद आहे आणि कडे हजार मीटरहून उंच.

(इथं निवेदन थांबेल. फक्त पाण्याचा आवाज.)

परत बर्गन. इथून संध्याकाळी किनाऱ्याचं जहाज निघतं. १८९३ मध्ये ही सेवा सुरू झाली ती टपाल, माल आणि माणसं नेण्यासाठी. आपल्या एसटीसारखी ती गावोगावच्या धक्क्याला लागते, अगदी मध्यरात्रीसुद्धा. चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडतं, आणि त्याच संध्याकाळी समुद्रातून एक दातेरी भिंत वर येताना दिसते.

लोफोटेन.

याच अक्षांशावर ग्रीनलंड बर्फाखाली आहे. इथं मात्र अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही. जानेवारी ते एप्रिल उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला इथं येतो. त्याचं नाव स्क्रेई, अर्थ भटका. डोकं काढून, शेपट्या जोडीजोडीनं बांधून तो लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत, धूर देत नाहीत. नुसता वारा, आणि शून्याच्या आसपासचं तापमान. फार थंडी पडली तर मांस फुटतं, ऊब वाढली तर माश्या बसतात. या मधल्या हवेवर इथल्या गावांनी हजार वर्षं पोट भरलंय.

वेसावे-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळताना पाहिलेल्या माणसाला इथं कुणी काही समजावून सांगायला नको. तो दुरूनच, वासावरूनच ओळखतो. म्हणून ही वाट आम्हाला इतकी जवळची वाटली.

१४३२ मध्ये व्हेनिसचा एक व्यापारी, पिएत्रो क्वेरीनी, जहाज फुटून शेजारच्या रोस्ट बेटांवर पोचला. कोळ्यांनी त्याला आणि त्याच्या माणसांना घरात ठेवून जगवलं. परतताना त्यानं सुका मासा सोबत नेला. इटली आजही लोफोटेनच्या माशाचं मोठं गिऱ्हाईक आहे. वाळलेली डोकी जातात नायजेरियाला, रश्श्यासाठी.

राहायला इथं रोरबू मिळतात, पाण्यात खांब रोवून बांधलेल्या कोळ्यांच्या खोल्या. तंबूही चालतो. १९५७ च्या कायद्यानं मोकळ्या रानातून कुणालाही चालता येतं, घरापासून दीडशे मीटर अंतर ठेवून मुक्काम करता येतो. काही गर्दीच्या जागी मात्र बंदी आहे. तिथली पाटी वाचावी आणि पाळावी. गाव त्यांचं आहे.

(दृश्य: लोफोटेनचा उत्तर किनारा. मांडव, अर्धे रिकामे.)

घड्याळात रात्रीचा एक वाजलाय. सूर्य बरोबर उत्तरेला, समुद्राच्या थोडा वर. मांडवावर उरलेले मासे वाऱ्यानं एकमेकांवर आपटतात, तर वाळल्या लाकडासारखा खटखट आवाज येतो. त्यांच्या सावल्या दक्षिणेला, बर्गनच्या दिशेनं पडल्यात.