पिन लावायच्या आधी

(दृश्य : सभागृह. खुर्च्या मांडल्या जातायत. टेबलावर पितळी घंटा)

जुलैचा पहिला आठवडा. बाहेर पावसाची झड लागलीय आणि आत खुर्च्या मांडायची गडबड चाललीय. सांगली जिल्ह्यातलं, कृष्णेच्या काठावरचं हे गाव. रोटरी क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे पदग्रहण, नवी कमिटी, नवे सभासद, सगळं ऐन पावसाळ्यात येतं. छत्र्या कुठे ठेवायच्या हा दरवर्षीचा प्रश्न. यंदा दारात दोन पिंपं ठेवलीत.

ही घंटा. अध्यक्षांनी ती वाजवली की सभा सुरू, पुन्हा वाजवली की संपली. मधल्या वेळात कोण उशिरा आलं, कुणाचा मोबाईल वाजला, कोण क्लबची पिन, म्हणजे चाकाचा बिल्ला, न लावता आलं, यावर नजर ठेवायला एक माणूस नेमलेला असतो. त्याला सार्जंट-ॲट-आर्म्स म्हणतात. नाव लष्करी, काम मुख्यतः दंड गोळा करायचं.

(दृश्य : पहिली रांग. चार नवे सभासद)

पहिल्या रांगेतले हे चौघं आजचे मानकरी. डावीकडचे एमआयडीसीत वर्कशॉप चालवतात. तीन लेथ, एक मिलिंग मशीन. शेजारी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. त्यांच्यापलीकडे द्राक्षबागायतदार, आणि टोकाला, सारखा घड्याळाकडे बघणारा तरुण सीए. जुलै महिना, रिटर्न भरायचे दिवस; त्याला दोष देता येत नाही.

चौघांच्या नावाआधी आज रात्रीपासून ‘रो.’ लागणार. रोटेरियनचा ‘रो.’

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. शिकागो)

ही प्रथा जिथून आली ती खोली शिकागोत होती. डिअरबॉर्न स्ट्रीटवरच्या युनिटी बिल्डिंगमधली ७११ नंबरची. २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी तिथे चौघं जमले. वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाणीचे इंजिनिअर गुस्टाव्हस लोअर आणि कपडे शिवून देणारे हायरम शोरी. चार धंदे, चार माणसं. पुढच्या सभा आळीपाळीने, इंग्रजीत ‘रोटेशन’ने, एकेकाच्या कचेरीत भरायच्या, म्हणून नाव पडलं रोटरी. प्रत्येक धंद्यातला एकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा नको, असा तेव्हाचा हिशोब होता. तो नियम आता पुष्कळ सैल झालाय, पण ‘वर्गीकरण’ हा शब्द अजून अर्जावर छापलेला असतो.

त्या पहिल्या मंडळींचं पहिलं सार्वजनिक काम कोणतं, हे भाषणांत क्वचितच येतं. सार्वजनिक स्वच्छतागृह. १९०७ साली त्यांनी शिकागोत त्यासाठी खटपट सुरू केली, आणि विरोध केला तो दारूवाल्यांनी आणि मोठ्या दुकानदारांनी. कारण लोक त्यांच्याच दारात यायचे, आणि आले की काहीतरी घेऊन जायचे. आपल्या एसटी स्टँडवर उभं राहून बघा, हा विषय जुना वाटत नाही.

भारतात रोटरी १९१९ मध्ये कलकत्त्याला आली, मुंबईला १९२९ मध्ये, पुण्याला १९३६ मध्ये. आमच्या गावापर्यंत यायला आणखी बराच काळ गेला.

(दृश्य : सेक्रेटरींचं टेबल. अर्ज, फाईल, शिक्का)

आता सभासद कसं व्हायचं ते. लोकांना वाटतं, पैसे भरले की झालं. तसं नसतं.

आधी एका सभासदाने नाव सुचवायचं. तो प्रपोजर. नाव सेक्रेटरींकडे जातं, तिथून संचालक मंडळापुढे. मंडळाच्या बैठकीचं चित्रण या फिल्ममध्ये नाही; तिथे कॅमेऱ्याला परवानगी नव्हती, आणि ते बरंच झालं. मंडळाने होकार दिला की नाव सगळ्या सभासदांना कळवायचं आणि सात दिवस थांबायचं. कुणाची हरकत असेल तर ती लेखी, कारणासकट. आमच्या गावाला सात दिवस लागत नाहीत. सकाळी मेसेज गेला की दुपारपर्यंत चहाच्या गाड्यावर त्या माणसाच्या तीन पिढ्या निघालेल्या असतात.

हे झालं पुस्तकातलं. या क्लबने त्यात आपली एक पायरी घातलीय. पिन लावायच्या आधी तीन प्रकल्पांवर काम करायचं. खुर्चीवर बसून नाही, उभं राहून. ही पायरी का घालावी लागली, तर पिन घेऊन, ग्रुप फोटोत उभं राहून, दिवाळीपर्यंत दिसेनासे होणारे सभासद प्रत्येक क्लबने पाहिलेत.

(दृश्य : पल्स पोलिओचा रविवार. अंगणवाडी, निळा कॅरियर, बाळं)

पहिलं काम, पोलिओ बूथ. रविवार सकाळ, अंगणवाडीचा व्हरांडा. आशाताई सीएला लसीची बाटली दाखवतायत. लेबलवर एक वर्तुळ आहे, त्याच्या आत एक चौकोन. चौकोन फिकट असेल तर लस चांगली. उन्हा-उष्म्याने तो गडद होत जातो, आणि बाहेरच्या वर्तुळाइतका झाला की बाटली बाद. सीए दोनदा विचारतो, नक्की कुठला गडद व्हायचा? आशाताई तिसऱ्यांदा समजावून सांगतात. मग लसीच्या थंड कॅरियरचं झाकण उघडं राहिलं म्हणून त्यालाच रागावतात.

(दृश्य : जवळून. बाळाची डावी करंगळी, मार्करची खूण)

दोन थेंब तोंडात आणि डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची रेघ. सीएच्या वाट्याला ही रेघ आली होती. बाळ मूठ सोडत नाही. आई म्हणते, सोड रे सोन्या. आजी म्हणते, त्याला आधी फुगा दाखवा. या फुग्यांचा खर्च क्लबचा, आणि टोप्यांचा, बॅनरचा, दुपारच्या पुलावाचाही. थेंब पाजणाऱ्या बायका मात्र सरकारी यंत्रणेतल्या, तुटपुंज्या मानधनावरच्या, आणि घरोघर फिरून राहिलेली मुलं शोधायचं काम त्यांचंच. फोटोत टोप्या पुढे येतात, म्हणून हे बोलून ठेवलेलं बरं.

रोटरीने १९८५ मध्ये जगभर पोलिओविरुद्ध मोहीम उघडली. भारतात पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला. १३ जानेवारी २०११ ला हावड्यातल्या एका लहान मुलीला झालेला पोलिओ ही देशातली नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूची शेवटची नोंद ठरली, आणि २७ मार्च २०१४ ला आपला भाग, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग, पोलिओमुक्त जाहीर झाला.

(दृश्य : हातांचं शिबिर. रांग, टेबल, हलक्या प्लॅस्टिकचे हात)

दुसरं काम, कृत्रिम हातांचं शिबिर. या हाताला एलएन-४ म्हणतात. हलका आहे, वीज लागत नाही, ऑपरेशन लागत नाही. पट्ट्यांनी बांधायचा. कोपराखाली थोडा तरी हात शिल्लक हवा, एवढीच अट. माणसाला तो फुकट मिळतो.

रांगेतल्या माणसांकडे नीट बघा. कुणाचा हात कडबा कुट्टीत गेलाय. कुणाचा उसाच्या चरकात. पॉवर प्रेसमध्ये हात गेलेले दोघं आहेत, आणि त्यांच्याशी बोलणारे हे आपले वर्कशॉपवाले. बराच वेळ बोलतायत. प्रेसला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून आडोसा, होतं का, दोन हातांनी दाबायची बटणं होती का, कुणी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं होतं का? उत्तरं ऐकताना त्यांनी चष्मा काढून ठेवलाय.

नवीन सभासदांनी इथे काय केलं? नोंदणी. मापं घेणाऱ्याच्या शेजारी उभं राहून पट्ट्या पुढे करणं. हात बसल्यावर सराव करून घेणं. आधी रिकामा ग्लास, मग पाण्याचा, मग पेन. वर्कशॉपवाल्यांनी पट्टीची ओढ कुठे जास्त होते ते दुसऱ्या माणसालाच ओळखलं आणि तिसऱ्यापासून स्वतः बांधायला लागले. तंत्रज्ञांनी त्यांना थांबवलं नाही.

(दृश्य : पेन धरून सही करणारा हात)

या शिबिरातून बरेच जण हात घेऊन घरी गेले.

(दृश्य : मोबाईलवरचे फोटो. पूर, ट्रॅक्टर)

द्राक्षबागायतदारांची गोष्ट वेगळी. त्यांना क्लबने शोधलं नाही, पाण्याने आणून सोडलं. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. तेव्हा कॅमेरा वगैरे कुणाला सुचलं नव्हतं, म्हणून मोबाईलवरचे हे हलणारे फोटो. ट्रॅक्टर त्यांचा, ट्रॉलीत कडबा, वर बसलेले क्लबचे लोक. जनावरं उंचावर नेऊन बांधली होती आणि त्यांच्यापुढे टाकायला काही नव्हतं. माणसांसाठी बिस्किटांचे डोंगर आले, वैरणीचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते या शेतकऱ्याच्या लक्षात आलं.

त्यानंतर त्यांना सभासद व्हा म्हणून दरवर्षी विचारलं जात होतं. आमचा क्लब डॉक्टर, व्यापारी आणि बिल्डर यांचा. शेतकऱ्याने आत यायचं तर आपली टेबलं थोडी सरकवायला हवीत, हे आम्हाला कळायला वेळ लागला. सभा सायंकाळी साडेसातला ठेवली, तेव्हा ते आले. त्याआधी ती साडेपाचला असायची. साडेपाचला शेतकरी पाण्यावर असतो.

(दृश्य : बाई. शाळा, हात धुण्याचे नळ, मुलांची रांग)

आणि या बाई. तसं पाहिलं तर क्लबमधल्या सगळ्यात जुन्या माणसांपैकी एक. मिस्टर जुने सभासद. रोटरीत सभासदाच्या पत्नीला ‘ॲन’ म्हणायची पद्धत आहे. तेव्हा बाई ॲन. शाळेतले हे हात धुण्याचे नळ कुठल्या उंचीवर बसवायचे, हे त्यांनी सांगितलं. पहिलीच्या मुलाचा हात पोचला पाहिजे. आधीच्या आराखड्यात ते मोठ्या माणसाच्या कंबरेला होते. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी हवी, हे त्यांनी सांगितलं. अहवाल त्यांनी लिहिले. अहवालावर नाव मिस्टरांचं.

जगभरातच रोटरीचा दरवाजा बायकांना उशिरा उघडला. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबने १९७७ मध्ये तीन बायकांना सभासद करून घेतलं, तर त्या क्लबची सनदच काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, ४ मे १९८७ ला निकाल दुआर्तेच्या बाजूने लागला, आणि १९८९ मध्ये रोटरीने घटनेतली ‘फक्त पुरुष’ ही अट काढली. आमच्या क्लबला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. गावात लेडी डॉक्टर नव्हत्या असं नाही.

आज बाईंच्या प्रपोजर आहेत क्लबच्या पहिल्या महिला सभासद. मिस्टर प्रेक्षकांत, तिसऱ्या रांगेत. घरात आता दोन वर्गण्या भराव्या लागणार, असं ते शेजाऱ्याला सांगतायत. शेजारी हसतोय. बाई हसत नाहीत, त्या आपली कागदपत्रं नीट लावतायत.

(दृश्य : व्यासपीठ. पदाची कॉलर गळ्यात घातलेले अध्यक्ष. प्रपोजर परिचय करून देतायत)

घंटा झाली. राष्ट्रगीत झालं. प्रत्येक प्रपोजर आपल्या माणसाचा परिचय करून देतो आणि अध्यक्ष चार प्रश्न वाचतात. हे जे बोलतोय-करतोय ते खरं आहे का? सगळ्यांना न्याय देणारं आहे का? यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का? सगळ्यांच्या हिताचं आहे का? इंग्रजीत चोवीस शब्द. १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर यांनी ते लिहिले, दिवाळं निघायला आलेली भांड्यांची कंपनी सावरताना. म्हणजे मूळचे हे प्रश्न धंद्याचे. समाजसेवेला नंतर लागले.

(दृश्य : अगदी जवळून. पिन, शर्टाचा खिसा)

प्रपोजरनेच पिन लावायची. डाव्या बाजूला. चाकाला चोवीस दाते, सहा आरे. वर्कशॉपवाल्यांनी लावून घेण्याआधी पिन हातात घेतली, चष्म्याच्या वर धरली आणि मधल्या भोकातली बारीक खाच बघून म्हणाले, “की-वे दिलाय. मग ठीक आहे.” सभागृहात अर्ध्या लोकांना कळलं नाही. पूर्वी या चाकाला ती खाच नव्हती. तिच्याशिवाय चाक शाफ्टवर नुसतं गरगरतं, पुढे काही फिरवत नाही, असं इंजिनिअर मंडळींनी दाखवून दिल्यावर १९२० च्या दशकात खाच पाडली गेली. आमच्या वर्कशॉपवाल्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

(दृश्य : टाळ्या. मग जेवणाची पंगत, हातात ताटं)

टाळ्या, फोटो, गुच्छ. गुच्छांवर खर्च करायचा नाही असा ठराव दोनदा झालाय, तरी गुच्छ आहेत. मग फेलोशिप, म्हणजे साध्या भाषेत जेवण. झुणका, भाकरी, खर्डा, आणि पाऊस म्हणून गरम कांदाभजी.

(दृश्य : सेक्रेटरी वही घेऊन नव्या सभासदांच्या टेबलाशी)

ताटं हातात असतानाच सेक्रेटरी वही घेऊन आलेत. पुढच्या रविवारी डोळे तपासणी, नोंदणीला सीए. सीए म्हणतो, रिटर्न. सेक्रेटरी म्हणतात, सकाळी दहापर्यंतच, मग जा. वर्कशॉपवाल्यांना पुढच्या हातांच्या शिबिराची पूर्ण जबाबदारी, आणि त्यांची एक अट मान्य : शिबिराच्या आधी एमआयडीसीत प्रेस चालवणाऱ्या कारखान्यांत गार्डबद्दल बोलायला क्लबचे चार लोक त्यांच्यासोबत येणार. बाईंकडे शाळा समितीचं अध्यक्षपद. त्यांनी विचारलं, अहवालावर सही कुणाची? सेक्रेटरी म्हणाले, तुमचीच.

द्राक्षबागायतदारांनी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं, “काहीही द्या. फक्त ऑक्टोबर छाटणीत मला मोजू नका.”

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. ऑक्टोबर सोडून.